उल्हासच्या मुखावरचा पहारा : वसईचा किल्ला

बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या शहरांचे उल्हास नदीशी असलेले नाते आज नळाचे पाणी, जलपर्णीचे हिरवे थर आणि पावसाळ्यातील पूर एवढ्यापुरते उरले असले, तरी हीच नदी जेथे समुद्राला मिळते तेथे, तिच्या पाण्यावर पहारा ठेवण्यासाठी बांधलेला एक विस्तीर्ण किल्ला अजून उभा आहे. पोर्तुगीजांनी १५३६ पासून बांधत नेलेला, १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला आणि पेशवाईच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेलेला वसईचा हा किल्ला पर्यटकाला समुद्रकाठचा किल्ला म्हणून परिचित आहे. परंतु त्याची जागा, त्याच्या दरवाजांची दिशा आणि त्याच्यासाठी झालेल्या लढायांचा क्रम तपासला, तर तो समुद्राइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, नदीसाठी बांधलेला किल्ला असल्याचे ध्यानात येते. उल्हासच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या माणसाने तो पाहायला जाताना हे सूत्र सोबत ठेवले, तर पडक्या भिंतींचा अर्थ लागू लागतो.

नदी, खाडी आणि बाजारपेठ

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरातील दरीत उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी आणि बदलापूर ओलांडून कल्याणकडे येते, आणि सुमारे १२२ किलोमीटरांचा प्रवास करून अरबी समुद्राला मिळते. वाटेत बदलापूरच्या बाजूने बारवी, अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी, आणि पुढे भातसाचे पाणी घेऊन आलेली काळू, अशा नद्या तिला येऊन मिळतात. कल्याणपासून खाली तिचे रूप बदलते, कारण समुद्राच्या भरतीचे पाणी तेथपर्यंत आत शिरते. नदीच्या अशा भरती-ओहोटीच्या टापूला मराठीत खाडी म्हणतात. ठाण्याच्या उत्तरेस या पाण्याला दोन वाटा फुटतात. एक चिंचोळी वाट दक्षिणेकडे ठाण्याच्या खाडीला जाऊन मिळते, तर मुख्य प्रवाह पश्चिमेकडे वळून घोडबंदर, भाईंदर आणि नायगाव यांच्यामधून वसईला समुद्रात उतरतो. साष्टीचे बेट, म्हणजे आजच्या ठाण्यापासून वांद्र्यापर्यंतचा आणि मिरा-भाईंदरपर्यंतचा भूभाग, या दोन वाटांमुळेच मुख्य भूमीपासून वेगळा झाला. साष्टी हे नाव तेथील सहासष्ट गावांवरून पडले असे मानले जाते.

भरतीच्या पाण्यावर होड्या थेट कल्याणपर्यंत येत असल्यामुळे कल्याण हे समुद्रापासून दूर असूनही बंदर झाले. ग्रीक भाषेत लिहिलेल्या, पहिल्या शतकातील मानल्या जाणाऱ्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी माहितीग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. घाटमाथ्यावरचा माल नाणेघाटाने आणि बोरघाटाने बैलांच्या पाठीवर खाली येई, कल्याणच्या बंदरात होड्यांवर चढे आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे निघे. शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, शिलाहार राजांनी अंबरनाथला उभारलेले कोरीव शिवमंदिर ज्या समृद्धीवर उभे राहिले, तिच्या मुळाशीही उत्तर कोकणातील बंदरांची हीच मालिका होती. अशा मार्गावर ज्याला कर बसवायचा असेल, त्याला घाटातली प्रत्येक वाट अडवण्याची गरज नव्हती. सगळे पाणी जेथून बाहेर पडते ते एक तोंड ताब्यात घेणे त्याला पुरेसे होते.

गलबतावरचा तह

सोळाव्या शतकाच्या आरंभी हे तोंड गुजरातच्या सुलतानाकडे होते. भारतातील पोर्तुगीज सत्तेचा गव्हर्नर नुनो द कुन्हा याने १५३३ च्या जानेवारीत वसईवर हल्ला करून तेथील तटबंदी पाडली, आणि पुढच्याच वर्षी, उत्तरेकडून हुमायूनचा दबाव वाढल्यामुळे अडचणीत सापडलेल्या सुलतान बहादूरशहाने पोर्तुगीजांशी तह केला. २३ डिसेंबर १५३४ रोजी वसईच्या किनाऱ्यासमोर उभ्या असलेल्या एका पोर्तुगीज जहाजावर सह्या झालेल्या या तहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे पोर्तुगीजांना मिळाली. पुढे जगभर नाव कमावलेली मुंबई या व्यवहारात वसईची एक पुरवणी म्हणून आली होती, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे त्या काळी वसईचे मोल किती होते याचा अंदाज येतो.

पोर्तुगीजांनी वसईला आपल्या उत्तर प्रांताची राजधानी केले. दमणपासून चौलपर्यंतच्या या किनारपट्टीवर अंमल चालवणारा ‘उत्तरेचा जनरल’ येथे राही, आणि गोव्याखालोखाल वैभव असलेल्या या नगराला ‘उत्तरेचा दरबार’ म्हटले जाई. तटाच्या आत पोर्तुगीज सरदारांचे वाडे, नगरसभेची इमारत, तुरुंग, इस्पितळ, धर्मगुरूंची विद्यालये आणि निरनिराळ्या ख्रिस्ती संघांची देवळे होती. हा सारा डोलारा आसपासच्या गावांच्या महसुलावर, जंगलातील सागवानावर, जहाजबांधणीवर आणि वसईच्या दगडावर चालत असे. हा दगड घडाईला इतका चांगला मानला जाई की गोव्यातील इमारतींसाठीही तो जहाजांनी नेला गेला. मराठी कागदपत्रांत या मुलखाचा उल्लेख ‘फिरंगाण’ असा येतो. फिरंगी म्हणजे युरोपीय, विशेषतः पोर्तुगीज, आणि त्यांच्या अमलाखालचा मुलूख ते फिरंगाण.

दोनशे वर्षांच्या या सहवासाचा सर्वांत टिकाऊ अवशेष दगडात नसून मराठी भाषेत आहे. चावी, बिजागरी, घमेले, पिंप, फीत, पगार, तुरुंग, पाव आणि कोबी हे शब्द पोर्तुगीज भाषेतून आलेले आहेत, आणि दरवाजा, बांधकाम, नोकरी, कैद व जेवण असे या राजवटीचे बहुतेक सगळे व्यवहार त्यांत सामावलेले दिसतात. या राजवटीची दुसरी बाजू मात्र कठोर होती. हिंदूंची देवळे पाडणे, त्यांच्या सार्वजनिक धर्मविधींवर निर्बंध घालणे आणि धर्मांतराचा आग्रह यांमुळे स्थानिक जमीनदार व रयत दुखावली गेली होती, आणि पुढे अठराव्या शतकात पेशव्यांकडे दाद मागायला जे लोक गेले, त्यांत भिवंडीजवळच्या अंजूर या खाडीकाठच्या गावाचे गंगाजी नाईक अंजूरकर हे प्रमुख होते.

वरचे बंदर आणि खालचे तोंड

नदीचे मुख एकाकडे आणि वरचे बंदर दुसऱ्याकडे असले म्हणजे काय होते, हे सतराव्या शतकात दिसून आले. छत्रपती शिवाजी महाराजांनी २४ ऑक्टोबर १६५७ रोजी कल्याण आणि भिवंडी घेतली, कल्याणला खाडीच्या काठावर दुर्गाडी किल्ला उभारला आणि त्याच्या आश्रयाने जहाजे बांधायला सुरुवात केली. मराठा आरमाराची ही पहिली पायरी होती. जहाजबांधणीचे तंत्र जाणणारे कारागीर त्या वेळी पोर्तुगीजांकडे असल्यामुळे रुय लैतांव व्हिएगस या पोर्तुगीज तंत्रज्ञाच्या हाताखाली अनेक कामगार कल्याणला कामाला लागले. तथापि ही जहाजे समुद्रात न्यायची तर ती घोडबंदर आणि वसईच्या तोफांखालूनच न्यावी लागणार होती, आणि आपल्या दाराशी नवे आरमार तयार व्हावे हे वसईच्या अधिकाऱ्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी या कारागिरांना फूस लावून १६५९ मध्ये कल्याणहून पळवून नेले. आरमाराचे काम त्यामुळे थांबले नाही, परंतु नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या बंदराचे स्वातंत्र्य खालच्या किल्ल्याच्या मर्जीवर कसे अवलंबून असते, हे यातून स्पष्ट झाले.

कल्याण आणि वसई यांच्यामध्ये, जेथे खाडी डोंगरांच्या कुशीतून अरुंद होऊन पश्चिमेला वळते, तेथे दक्षिण काठावरील टेकडीवर घोडबंदरचा किल्ला आहे. अरबस्तानातून येणाऱ्या घोड्यांच्या व्यापारावरून त्याला हे नाव पडले असे सांगितले जाते. प्रवासात घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर हे नाव पडल्याची लोकसमजूत त्याच्याशेजारी ठेवली, म्हणजे एकाच नदीच्या दोन टोकांना लोकस्मृतीत घोडाच उभा असलेला दिसतो. घोडबंदरच्या टेकडीवरून खाली पाहिले की खाडीचे वळण पूर्ण नजरेत येते, आणि वरून येणारी कोणतीही होडी तेथून लपून जाऊ शकत नाही, हे सांगायला कोणा जाणकाराची गरज उरत नाही. वसई हा मुखाचा दरवाजा मानला, तर घोडबंदर ही त्याच्या आतली देवडी, म्हणजे पहारेकऱ्यांची चौकी होती.

दोन्ही काठ बंद झाले तेव्हा

मराठ्यांची १७३७ ते १७३९ ही वसईची मोहीम नदीच्या नकाशावर ठेवून वाचली, तर तिची आखणी चटकन समजते. पेशवे बाजीराव यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३७ मध्ये प्रथम ठाणे घेतले आणि घोडबंदरही जिंकले, त्यामुळे खाडीचा वरचा भाग पोर्तुगीजांच्या हातून गेला. वसईवरचे पहिले हल्ले मात्र फसले. किल्ल्याच्या पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला खाडी आणि पूर्वेला चिखलाट दलदल असल्याने जमिनीवरून चाल करण्यास उत्तरेकडचा वाळूचा पट्टा तेवढा मोकळा होता, आणि नेमक्या त्याच बाजूचा तट सर्वांत भक्कम होता. शिवाय पाण्याच्या वाटेने किल्ल्याला रसद, म्हणजे धान्य व दारूगोळ्याचा पुरवठा, होत राहिला तर केवळ वेढा घालून उपयोग नव्हता.

म्हणून १७३९ च्या फेब्रुवारीत वेढ्याला नव्याने जोर आल्यावर मराठ्यांनी खाडीच्या दक्षिण काठाकडे लक्ष वळवले. वसईच्या बरोबर समोर, आजच्या भाईंदर-उत्तनच्या बाजूला, धारावी नावाचे ठाणे होते. मुंबईतील वस्तीशी या धारावीचा संबंध नाही. हे ठाणे मार्चमध्ये मराठ्यांच्या हाती आले आणि खाडीच्या मुखाचा दुसरा काठही बंद झाला. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे यांच्या फौजा येऊन मिळाल्यावर उत्तरेकडच्या तटाखाली सुरुंग खणण्याचे काम वेगाने सुरू झाले. सुरुंग लावणे म्हणजे तटाच्या पायापर्यंत जमिनीखालून बोगदा नेऊन त्यात दारू भरणे आणि ती पेटवून तट उडवणे. तेथील वाळूत आणि वरून होणाऱ्या माऱ्यात हे काम अत्यंत जिवावरचे होते. मेच्या मध्यास सुरुंगांनी सेबॅस्टियन आणि रेमेडियस या बुरुजांना भगदाडे पडली, हातघाईची लढाई झाली, आणि दोन्ही बाजूंची मोठी हानी झाल्यावर १६ मे १७३९ रोजी किल्ल्यातील पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सह्या केल्या. शिबंदीला, म्हणजे किल्ल्यातील सैन्याला, शस्त्रांसह आणि सन्मानाने जाऊ द्यावे, नागरिकांना आपली चीजवस्तू नेऊ द्यावी, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता यावा, अशा या अटी होत्या. २३ मे रोजी पोर्तुगीज जहाजांत बसून निघून गेले. मोहिमेपूर्वी बोललेला नवस फेडण्यासाठी चिमाजी अप्पांनी तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीचे मंदिर बांधवले.

या विजयाच्या खुणा नदीकाठांवर दूरवर विखुरलेल्या आहेत. पोर्तुगीज देवळांतील घंटा मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना वाहिल्या, आणि त्यांतल्या काही आजही वाजतात. भीमाशंकरच्या मंदिरासमोरच्या घंटेवर १७२९ हे वर्ष कोरलेले आहे, नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१, आणि वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर नाना फडणवीसांनी टांगवलेल्या घंटेवर १७०७. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती उठावात स्पष्ट दिसते, आणि घाटावर येणारे भाविक ती घंटा वाजवूनच पुढे जातात.

किल्ला कसा पाहावा

किल्ल्याचे क्षेत्रफळ सुमारे ११० एकर असून तट अनेक कोनांत वळत जातो आणि प्रत्येक कोनावर एक बुरूज पुढे काढलेला आहे. सह्याद्रीतील बहुतेक किल्ल्यांचे बुरूज गोल असतात, कारण ते डोंगराच्या कड्याला धरून बांधलेले असतात आणि खालून तोफ डागणेच अवघड असते. वसईला जमीन सपाट असल्यामुळे पोर्तुगीजांनी युरोपात, विशेषतः इटलीत, तोफांच्या युगासाठी विकसित झालेली रचना वापरली आणि बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी बुरूज बांधले. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रूला लपता येईल असा एक आंधळा कोपरा राहतो. टोकदार बुरुजांच्या बाजू शेजारच्या बुरुजावरून सरळ रेषेत दिसत असल्याने तसा कोपरा उरत नाही. बुरुजांना सेंट सेबॅस्टियन, सेंट पीटर, सेंट जॉन अशी संतांची नावे दिलेली आहेत, आणि एकाचे नाव ‘हत्ती’ या अर्थाचे आहे. तटावरून चालताना जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढता येईल अशी अरुंद छिद्रे, आणि तोफांसाठी ठेवलेले रुंद खाचे यांतला फरक पाहण्यासारखा आहे, कारण कोणत्या बाजूला माणसे येण्याची भीती होती आणि कोणत्या बाजूला जहाजे, हे त्यावरून ओळखता येते.

आतल्या वास्तूंपैकी सेंट जोसेफचे देऊळ हे नगराचे मुख्य देऊळ होते. ते १५४६ च्या सुमारास बांधले गेले आणि १६०१ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांच्या काळात त्याचा विस्तार झाला; तसे सांगणारा शिलालेख तेथे आहे. त्याच्या मनोऱ्यावरून एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी अशी दोन्ही पाणी एकाच वेळी दिसत, आणि या किल्ल्याला ही जागा का निवडली हे सांगायला तेवढेच दृश्य पुरेसे आहे. फ्रान्सिस्कन संघाच्या सेंट अँथनीच्या देवळात छत गेलेले असले, तरी जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळा अजून आहेत. त्यांच्यावर पोर्तुगीज भाषेत मृताचे नाव, हुद्दा आणि वर्ष कोरलेले आहे, आणि पावसाळ्यात त्या अक्षरांत शेवाळ धरले की ती काळ्या दगडावर हिरव्या शाईने लिहिल्यासारखी वाचता येतात. जेझुइट संघाच्या देवळाचा दर्शनी भाग, त्याची कमान आणि खांब, हे किल्ल्यातील सर्वांत सुबक कोरीव काम आहे. हे देऊळ आज संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. सोळाव्या शतकात वसईत जन्मलेल्या आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रूसावर मारल्या गेलेल्या गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले, आणि भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून कॅथलिक परंपरा त्यांना मानते. किल्ल्याच्या परिसरात नागेश्वराचे आणि वज्रेश्वरीचे मंदिर आहे, चिमाजी अप्पांचा पुतळा आहे, आणि एकाच फेरीत हे सारे पाहिल्यावर वसईच्या इतिहासाला कोणत्याही एका समाजाची मालमत्ता मानणे कठीण होऊन बसते.

तथापि सर्वांत अधिक वेळ द्यावा तो खाडीकडच्या दरवाजाला. किल्ल्याला दोन मुख्य प्रवेशद्वारे आहेत, उत्तरेकडे जमिनीचा दरवाजा आणि दक्षिणेकडे पाण्याचा. जमिनीच्या दरवाजाकडून डांबरी रस्ता आत येतो, त्यामुळे बहुतेक लोक किल्ला या बाजूने पाहतात आणि खाडीच्या दरवाजापर्यंत पोचेतो थकून जातात. वस्तुतः नगराचा दर्शनी दरवाजा खाडीचाच होता. गव्हर्नर, व्यापारी, धर्मगुरू आणि माल यांचे येणे-जाणे त्यातून होई. त्याच्या जाड लाकडी फळ्यांवर लोखंडी खिळे मारलेले आहेत, कमानीचा दगड घासून गुळगुळीत झाला आहे, आणि बाहेर पडताच पाऊल बंदराच्या धक्क्यावर येते. तेथे किल्लाबंदर ही कोळ्यांची वस्ती आहे. काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, दुरुस्तीसाठी पसरलेली जाळी आणि ओहोटीला चिखलात कललेल्या होड्या यांमुळे पाचशे वर्षांपूर्वीच्या बंदराचे निदान एक अंग तरी अजून चालू असल्याचे दिसते. उधाणाची भरती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती, असताना पाणी दरवाजाच्या अगदी जवळ येते, आणि त्याच जागी ओहोटीला दूरवर गाळ उघडा पडतो. हा गाळ केवळ समुद्राचा नाही; सह्याद्रीपासून कल्याणपर्यंतची माती दर पावसाळ्यात उल्हास येथे आणून टाकते.

बंदर मागे का पडले

मराठ्यांच्या ताब्यात वसई सुमारे चार दशके सलग राहिली. १७८० मध्ये इंग्रजांनीही ही नदी वरून खाली अशीच हाताळली. त्या वर्षी त्यांच्या फौजा कल्याणला आल्या, अंबरनाथहून दिसणाऱ्या मलंगगडाला त्यांनी वेढा घातला, परंतु वरचा बालेकिल्ला मराठ्यांनी सोडला नाही, आणि डिसेंबरमध्ये जनरल गॉडर्डने तोफांच्या माऱ्याने वसई घेतली. त्याच महिन्यात दुगाडच्या लढाईत मराठा सेनानी रामचंद्र गणेश मारले गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच ठिकाणी दुसऱ्या बाजीरावाने ईस्ट इंडिया कंपनीशी तह करून पेशव्यांचे स्वातंत्र्य व्यवहारतः गमावले. ज्या किल्ल्याच्या विजयाने पेशवाईचा दबदबा वाढला होता, त्याच्याच नावाचा तह पेशवाईच्या शेवटाची सुरुवात ठरला.

वसईचे वैभव मात्र केवळ लढायांनी गेले नाही. इंग्लंड-पोर्तुगालच्या राजघराण्यांतील १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांना आंदण दिली, आणि खोल पाण्याचे नैसर्गिक बंदर लाभलेली मुंबई हळूहळू वसईचा व्यापार ओढू लागली. वसईच्या मुखाशी गाळ साचत असताना मुंबईत मोठ्या जहाजांना नांगरायला खोल पाणी मिळत होते. शेवटचा घाव रेल्वेने घातला. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोचला, १८५६ मध्ये तो अंबरनाथ व बदलापूरवरून बोरघाटाच्या पायथ्याशी पळसदरीपर्यंत गेला, आणि घाटावरचा जो माल शतकानुशतके खाडीने वसईकडे उतरत असे तो डब्यात बसून सरळ मुंबईला जाऊ लागला. नदीच्या वरच्या अंगाची गावे तेव्हापासून पाण्याकडे पाठ करून रेल्वेकडे तोंड करून वाढली. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीच्या जागी सिंधी निर्वासितांसाठी वसवलेल्या शहराला उल्हासनगर असे नदीचे नाव दिले गेले, तोवर नदीवरची वाहतूक नगण्य झाली होती. पुढे कारखान्यांचे व शहरांचे सांडपाणी वालधुनीतून आणि उल्हासमधून वाहू लागले, आणि तिच्या प्रदूषणाचा प्रश्न हरित न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालय यांच्यापर्यंत गेला. २७ जुलै २०१९ रोजी वांगणी-बदलापूरच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, तेव्हा अनेकांना रुळांच्या शेजारी एक मोठी नदी असल्याची जाणीव झाली.

जाण्याच्या वाटा

अंबरनाथ-बदलापूरहून वसईला जाण्यासाठी दादरला गाडी बदलण्याचा रूढ मार्ग आहे, परंतु इतिहासाच्या दृष्टीने दिवा-वसई मार्ग अधिक बोलका आहे. दिव्याला किंवा कोपरला उतरून ही गाडी पकडली, तर कोपर ओलांडताच रूळ उल्हासच्या खाडीवरून जातात, आणि पुढे भिवंडी, खारबाव, कामण, जूचंद्र अशा क्रमाने गाडी खाडीच्या उत्तर अंगाने वसई रोडला पोचते. म्हणजे अंजूरकर नाईकांचा आणि मराठी फौजांचा मुलूख खिडकीतून पाहता येतो. या मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने वेळापत्रक आधी पाहणे आवश्यक आहे. दुसरा पर्याय भाईंदरहून पाण्याचा आहे. २०२४ मध्ये भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये वाहनांसह प्रवासी नेणारी फेरी बोट सुरू झाली, आणि तिच्यामुळे किल्ल्याकडे खाडीतून जाण्याची जुनी रीत सामान्य माणसाला पुन्हा उपलब्ध झाली.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. पावसाळ्यात झाडी वाढून वाटा बुजतात आणि भिंती निसरड्या होतात, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा. विवाहपूर्व छायाचित्रे काढणारी जोडपी आणि चित्रीकरणाच्या तुकड्या येथे नेहमी दिसतात. कोल्डप्ले या ब्रिटिश संगीतवृंदाच्या २०१६ मधील एका गाण्याच्या चित्रफितीतही हा किल्ला दिसतो. छायाचित्रात चांगले दिसणाऱ्या या भिंतींवर नावे कोरू नयेत, सुट्या झालेल्या दगडांवर चढू नये आणि कोळ्यांच्या वाळवणातून चालू नये, एवढे पथ्य प्रत्येकाला पाळता येण्यासारखे आहे.

उल्हासच्या काठी राहणाऱ्या वाचकाने येथे जाताना आणखी एक गोष्ट करावी. भरतीची वेळ पाहून जावे, जमिनीचा दरवाजा शेवटासाठी राखून ठेवावा आणि सर्वांत आधी खाडीच्या दरवाजाबाहेरच्या धक्क्यावर उभे राहून नदीच्या दिशेने, म्हणजे पूर्वेकडे, पाहावे. किल्ला बांधणाऱ्यांनी नगराचे तोंड याच पाण्याकडे केले होते.